डाव्या हाताची विद्या

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हा ग्रंथ रसास्वादासाठी कोणी हाती घेत नाही. परिवहन कार्यालयाच्या फाटकाशी बसणाऱ्या दलालांना तो मुखोद्गत असतो, आणि बाकीच्या प्रजेला त्याच्या अस्तित्वाची जाणीव दंडाची पावती हातात पडल्यावरच होते. तथापि त्यातील पंधरावा नियम, ज्यात लायसन्स मागणाऱ्या उमेदवाराकडून परीक्षेच्या वेळी काय काय करवून घ्यावे याची याद दिली आहे, तो मी अलीकडे सावकाश वाचला, आणि त्या रूक्ष दप्तरात एक अस्सल घाटवाटेचा माणूस दडून बसला असल्याची माझी खात्री झाली. रहदारीचा रंग पाहून वरच्या गिअरवरून खालच्यावर चटकन यावे, उतारावर त्वरेने खालचा गिअर घ्यावा, आणि खड्या चढावर गाडी थांबवून, हातब्रेकचा यथायोग्य उपयोग करून, ती मागे न घसरू देता पुन्हा अलगद हलवावी, असे त्यात फर्मावले आहे. हा मसुदा ज्याने लिहिला त्याने कधीतरी कसारा घाट चढताना ट्रकच्या मागे अडकून कपाळावरचा घाम पुसला असला पाहिजे.

गंमत अशी की, ज्या १९८८ च्या कायद्याच्या पोटात हा नियम येतो, तो कायदा दुचाकीच्या बाबतीत गिअरची आणि बिनगिअरची असा स्पष्ट भेद करतो, पण मोटारीला मात्र ‘हलके मोटार वाहन’ या एकाच खात्यात घालून मोकळा होतो. विलायतेत ज्याने ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली त्याला क्लचची गाडी चालवण्याची मुभा नसते. आपल्याकडे ज्याच्या डाव्या पायाची आणि क्लचची कधी ओळखदेखही झालेली नाही, तो वरंधा घाटात वाटेल ती मोटार कायदेशीरपणे घेऊन जाऊ शकतो. कायदा लिहिणाऱ्यांना क्लचविना मोटार ही बहुधा परदेशी श्रीमंतांची लहर वाटली असावी.

हे सारे आठवण्यास निमित्त झाले माझ्या भाच्याच्या नव्या गाडीचे. वय एकोणतीस, नोकरी संगणकाची, बिऱ्हाड पुण्यात बाणेरच्या बाजूस. म्हणजे सकाळ-संध्याकाळ ज्या रस्त्याने गाड्या वाहत नसून झिरपत असतात त्या रस्त्याचा हा नित्याचा प्रवासी. अशाने ऑटोमॅटिक घ्यावी हे उघड होते, आणि विक्रेत्याने, घरच्यांनी व मीही त्याला तेच सांगितले. परंतु चिरंजीवांना गिअरचीच हवी होती. आणि अनेक मॉडेलांत आता असा शिरस्ता पडला आहे की वरच्या दर्जाच्या सुखसोयी पाहिजेत तर त्या ऑटोमॅटिकबरोबरच मिळतात, त्यामुळे हवी ती गाडी मिळेपर्यंत तो चार महिने थांबला. “मामा, गाडी मी चालवायची की गाडीनं मला न्यायचं, एवढाच प्रश्न आहे,” असे त्याने मला ऐकवले. हे वाक्य त्याने कोठून तरी उचलले असावे असा माझा वहीम आहे. पण प्रश्न उसना असला म्हणून खोटा ठरत नाही.

क्लच म्हणजे काय, हे सांगायला यंत्रशास्त्र फारसे लागत नाही. इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेत असते आणि चाके निश्चल असतात. या दोघांची गाठ एकदम घातली तर इंजिनाचा श्वास कोंडतो आणि गाडी एक आचका देऊन बंद पडते. म्हणून दोहोंच्या मध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली एक तबकडी बसवलेली असते, आणि डावा पाय हळूहळू उचलला जात असता ती आधी निसटते, मग चाटून जाते, मग धरते. या निसटण्याच्या आणि धरण्याच्या मधली जी अर्धवट अवस्था, तिला रस्त्यावरचे लोक हाफ क्लच म्हणतात. तो बिंदू कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नसतो, प्रत्येक गाडीत निराळ्या उंचीवर असतो आणि अस्तर झिजेल तसा सरकत जातो. डोळ्यांना तो दिसत नाही, इंजिनाचा आवाज किंचित बसला म्हणजे कानांना त्याची चाहूल लागते, आणि तळपायाला मात्र तो बिनचूक कळतो. डग्ग्यावर तळहाताचा दाब नेमका किती द्यावा, हे जसे तबलजी शिष्याला शब्दांनी सांगू शकत नाही, तसेच हे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून गिअरही डाव्या हाताशी आला. ज्या भाषेत सोप्या कामाला ‘डाव्या हाताचा मळ’ म्हणतात तिच्याच मुलखात हे नाजूक काम डाव्या हाताच्या आणि डाव्या पायाच्या वाट्याला यावे, यात मला नेहमीच एक न्याय वाटत आला आहे.

आता या विद्येचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा टॅक्सीवाल्याशी बोलावे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, तिने मुंबईची तीन पिढ्यांची ने-आण केली. तिची गिअरची दांडी स्टिअरिंगच्या चाकाखाली आडवी असे, त्यामुळे पुढे सलग बाक बसवता येई आणि अडल्या वेळी त्यावर तिसराही मनुष्य कोंबता येई. काळ्या-पिवळ्या रंगात नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेवच्या दप्तरी २९ ऑक्टोबर २००३ रोजी रुजू झाली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचा अंमल संपला. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून जे विरहगीत चालले होते त्यात मीही या सदरातून माझा एक सूर मिसळला होता, हे कबूल केले पाहिजे. पण गिरगावात एका वयस्क टॅक्सीवाल्यांना, जे मूळचे जुन्नरकडचे, मी मोठ्या उमाळ्याने त्या दांडीविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “हौस तुमची साहेब. आमचा डावा गुडघा त्या क्लचनं खाल्ला.” पेडर रोडच्या चढावर, मेच्या उन्हात, दर दहा फुटांवर क्लच दाबणे-सोडणे, हे ज्याने तीस वर्षे पोटासाठी केले त्याला त्यात कला दिसत नाही, आणि ती दिसावी अशी अपेक्षा करणे हा असभ्यपणा आहे. गिअरचा शौक हा, कोणत्याही शौकाप्रमाणे, ज्याला त्याची गरज उरली नाही त्याचा विलास आहे; हे एकदा मान्य केले म्हणजे पुढचे बोलणे सोपे होते.

कारण शौकिनांची खोड अशी की ते आपल्या शौकाला शहाणपणाची वस्त्रे नेसवू पाहतात. गिअरची गाडी पेट्रोल कमी खाते, असे ते सांगतात. एके काळी हे खरे होते. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाच्या माध्यमातून शक्ती पोचवताना पुष्कळ गळती होई आणि गिअरही तीन-चारच असत. आता आठ-आठ, दहा-दहा गिअरांचे संच आले आहेत, आणि कोणता गिअर केव्हा घ्यावा याचा हिशेब संगणक माणसाहून चोख ठेवतो. आपल्याकडे तर २०१४ साली मारुतीने सेलेरिओ आणली तिने वादाचे मूळच खणून काढले: तिच्या आतला संच हा नेहमीचा, क्लचचा, हाताने चालवायचाच होता; फक्त ती दांडी हलवण्याचे आणि क्लच दाबण्याचे कुलमुखत्यारपत्र एका यांत्रिक हाताला लिहून दिले होते. तो हात प्रामाणिक असला तरी मंद असतो, आणि गिअर बदलताना गाडी क्षणभर मान डोलावते, त्यावर शौकीन लोक तोंड फिरवून हसतात. पण ज्या गृहिणींनी, निवृत्त शिक्षकांनी आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसांनी त्या स्वस्त सोयीमुळे प्रथमच निर्धास्तपणे गाडी रस्त्यावर काढली, त्यांच्या हिशेबी त्या मान डोलावण्याची किंमत शून्य आहे. गाडीवर ताबा अधिक राहतो, हा दुसरा दावा अर्धा खरा आहे. त्याकडे मी येतो. उरला तिसरा, की त्यात मजा येते. हा पूर्ण खरा आहे, पुरेसा आहे, आणि तो सांगायला लाजण्याचे कारण नाही.

प्रत्येक पिढीने मात्र आपल्या वेळची कठीण गोष्ट हीच खरी विद्या मानली आहे. पानार-लेव्हासोरने १८९१ च्या सुमारास सरकत्या दातेरी चाकांचा संच मोटारीत बसवला, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे गिअर बदलणे म्हणजे दोन भिन्न वेगांनी फिरणाऱ्या दातांची अंदाजाने गाठ घालणे होते. क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, खालच्या गिअरवर यायचे असल्यास किंचित रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडी सारायची. यालाच डबल क्लच म्हणतात, आणि चुकल्यास गिअरबॉक्स जो आक्रोश करी तो रस्ताभर ऐकू जाई. १९२८ साली कॅडिलॅकने दातांचे वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश युक्ती आणली आणि ही कसरत अनावश्यक झाली. त्या दिवशी डबल क्लचवाल्यांनी आता कोणीही गाडी चालवू लागेल म्हणून नाके मुरडली असतील, याविषयी मला शंका नाही. १९४० च्या ओल्डस्मोबिलमध्ये हायड्रामॅटिक हे आपोआप गिअर बदलणारे यंत्र आले. ते आळशांचे यंत्र ठरवावे, तर लगोलग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तेच आपल्या हलक्या रणगाड्यांत बसवले.

खरी करमणूक आता पुढे आहे. विजेच्या मोटारीला गिअर बदलण्याची गरजच नसते, कारण विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासून पुरा जोर देते. तिला क्लच नाही, पहिला-दुसरा नाही, आणि बंद पडणे तर ठाऊकच नाही. अशा गाडीत ह्युंदाईने २०२३ साली, आयोनिक ५ एन या मॉडेलात, आठ खोटे गिअर घातले. स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की गाडी इंजिनाचा आवाज काढते, गिअर बदलल्याचा लटका धक्का देते, आणि वेळेवर गिअर बदलला नाही तर जोर रोखून धरते. टोयोटाने त्याही पुढे जाऊन खोट्या क्लचच्या पेटंटसाठी अर्ज केले आहेत, ज्यात चालकाची चूक झाल्यास गाडी बंद पडल्याचे सोंगही आणता येते. आमच्या लहानपणी दारी बहुरूपी येत. ते खाकी वेष चढवून, वॉरंट निघाल्याचे सांगून दरडावत, आणि आपण घाबरल्याचे दाखवून त्यांना पैसा देत असू. दोन्ही पक्षांना सत्य ठाऊक असे आणि तरी खेळ रंगे. तसेच हे. पण लक्षावधी रुपयांची गाडी घेऊन तिला आपल्याला बंद पडून दाखव म्हणणारा ग्राहक, हे चित्र मला अजून नीटसे पचलेले नाही. त्यापेक्षा पोर्शेने २०१६ साली काढलेल्या ९११ आर चा इतिहास मला समजतो. तीत केवळ हाताचे गिअर होते, आणि अशा ९९१ गाड्याच काढल्यामुळे लोकांनी मूळ किमतीच्या कित्येक पट मोजून त्या विकत घेतल्या. तेथे निदान क्लच खरा आहे.

ताब्याचा मुद्दा राहिला होता. घाट उतरताना मुद्दाम खालचा गिअर घेतला म्हणजे चाकांना इंजिन फिरवावे लागते. इंजिन त्याला विरोध करते, आणि गाडी स्वतःच्याच वजनाला आवरून धरते. हे न करता जो सारा उतार केवळ ब्रेकवर उतरतो त्याचे ब्रेक तापतात, तापता तापता त्यांची पकड सुटू लागते, आणि जळक्या अस्तराचा वास मागच्या गाडीपर्यंत येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचे सूत्र यामुळेच. ऑटोमॅटिकमध्येही ही तजवीज असते. दांडीशेजारी एल, एस, एम अशी अक्षरे कोरलेली असतात, पण बहुसंख्य मालक गाडी घेतल्या दिवशी डी वर टाकतात ती विकेपर्यंत डी वरच ठेवतात. विजेच्या गाडीची तऱ्हा आणखी न्यारी: तीत पाय उचलताच मोटर जनित्र बनते आणि गाडीला ओढून धरते, हे खरे, परंतु पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर बॅटरी काठोकाठ भरून जो सकाळी पसरणी घाट उतरू लागतो, त्याच्या बॅटरीत ती परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, आणि ज्या ओढीची त्याच्या पायाला सवय झालेली असते ती नेमकी घाटाच्या माथ्यावर दुबळी पडते. म्हणून माझी दरखास्त एवढीच आहे की क्लच जावो, दांडी जावो, पण त्या पंधराव्या नियमातील उताराचे कलम परीक्षेतून जाऊ नये. आठाचा आकडा काढून घेण्याबरोबरच, तुझ्या गाडीत उतारावर ओढ कशी निर्माण करतोस, हे उमेदवाराला विचारले जावे, मग त्याची गाडी कोणत्याही जातीची असो.

इतके अधिकारवाणीने लिहिल्यावर एक गोष्ट सांगितली पाहिजे. गुडघ्याच्या कारणाने मी स्वतः गेली दोन वर्षे ऑटोमॅटिकच चालवतो. माझा डावा पाय सिग्नलपाशी अजून रिकाम्या जमिनीवर क्लच शोधतो, एवढीच काय ती निशाणी उरली आहे. गेल्या रविवारी भाच्याबरोबर पाचगणीला निघालो असता वाईत चहा झाल्यावर त्याने किल्ली माझ्यापुढे धरली, आणि मीही ती घेतली. पसरणीच्या पहिल्या काही वळणांपर्यंत तीस वर्षांची वहिवाट कामी आली. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा, आणि खाली धोमचे पाणी चमकत होते. मग एका आखूड वळणावर वरून एसटी आली, माझ्यापुढची जीप थांबली, मी थांबलो. चढावरच्या गाडीला वाट देण्याचा उतारावरच्यांना दंडक आहे, पण एसटीपुढे तो दंडक कोणी उच्चारत नाही. एसटी गेली, जीप गेली. मी हातब्रेक सोडला, रेस दिली, डावा पाय उचलला. गाडी हातभर मागे गेली, एक आचका देऊन बंद पडली, आणि मागून हॉर्न वाजला.

“मामा, सावकाश,” भाचा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “आधी हाफ क्लचवर धरा, मग हातब्रेक सोडा.”

तिसऱ्या खेपेस ती हलली. आरशात पाहिले तेव्हा मागच्या गाडीवाल्याने माझ्यापासून दोन गाड्यांचे अंतर राखले होते, आणि ते त्याने पाचगणीपर्यंत राखले.

— पांथस्थ