धबधब्याच्या वाट्याचे पाणी

मे महिना उजाडला की बंगळुरूतील मराठी घरांतून दोन प्रकारच्या सहलींच्या गोष्टी ऐकू येतात. ज्यांची मुले टोरांटोच्या परिसरात स्थायिक झाली आहेत, ते नायगारा पाहून येतात. तेथील बागांची आणि अखंड कोसळणाऱ्या पाण्याची वर्णने पुढे वर्षभर पुरतात. उरलेले आम्ही गाडी काढून सुमारे 130 किलोमीटरवरील शिवनसमुद्र गाठतो. गगनचुक्कीच्या कठड्यापाशी उभे राहावे, तर उन्हाने तापलेल्या काळ्या कातळावरून पाण्याच्या चार धारा ओघळताना दिसतात. मग कोणीतरी म्हणतेच, "त्यांच्याकडे निसर्ग उदार आहे, आपल्याकडे नाही."

हे वाक्य मला अर्धेच खरे वाटते. नायगारामागे विशाल सरोवरांचा साठा आहे, हे खरे. परंतु तेथील पाणीही वीजनिर्मितीसाठी वळविले जातेच. फरक आहे तो कराराचा. 1950 साली कॅनडा व अमेरिका यांनी लिहून ठेवले की, पर्यटनाच्या हंगामात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान 1 लाख घनफूट पाणी पडलेच पाहिजे; रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मे. म्हणजे पाहुण्यांना जे निसर्गाचे औदार्य वाटते, त्यात माणसाच्या शब्दाचाही वाटा आहे.

आता आपल्या वाटेकडे पाहू. शिवनसमुद्र येथे 1902 साली वीज निर्माण होऊ लागली आणि ती थेट कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली. 1905 साली बंगळुरूचे रस्ते याच विजेने उजळले. पण उन्हाळ्यात नदी रोडावे आणि यंत्रांना पाणी अपुरे पडे. या अडचणीवर उपाय म्हणून, तसेच शेतीसाठी, कन्नंबाडीचे धरण उभे राहिले. ते उभारणारे विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपल्याला परिचित. धरणाच्या पायथ्याशी वृंदावन उद्यान फुलविण्यात ज्यांचा हात होता, ते उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल म्हैसूर संस्थानात येण्यापूर्वी बडोद्यास गायकवाडांच्या सेवेत होते. 1908 पासून त्यांनी लालबागेची धुरा वाहिली. सकाळी लालबाग, दुपारी शिवनसमुद्र, सायंकाळी वृंदावन असा प्रवास केला, तर आपण एकाच संसाराच्या तीन खोल्यांतून हिंडतो आहोत, हे ध्यानात येते.

या संसाराची चौथी खोली म्हणजे आपले स्वयंपाकघर. बंगळुरूच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी शिवनसमुद्राजवळच, धबधब्याच्या वरच्या अंगास उचलले जाते. सुमारे 100 किलोमीटर अंतर आणि सुमारे 500 मीटर चढ पार करून ते आपल्या घरी येते. ऑक्टोबर 2024 मध्ये योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला व दररोज आणखी 77.5 कोटी लिटर पाण्याची सोय झाली. विजेसाठी वळविलेले पाणी निदान धबधब्याखाली नदीला परत मिळते. नळाचे पाणी मात्र तेथून कायमचे निघून येते. कठड्यापाशी हळहळणारे आपणच त्या पाण्याचे धनी आहोत.

यावर कोणी म्हणेल, जेथे शेतकरी आणि नागरिक तहानलेले आहेत, तेथे शोभेसाठी पाणी कसले? आक्षेप रास्त आहे. माझा आग्रह नायगाराच्या आकड्यांचा नाही, तत्त्वाचा आहे. कावेरी लवादाने 2007 च्या निवाड्यात 740 अब्ज घनफुटांपैकी 10 अब्ज घनफूट पर्यावरणरक्षणासाठी राखून ठेवले, म्हणजे नदीचाही वाटा असतो हे आपल्याकडे मान्य झालेले आहे. त्याच न्यायाने उन्हाळ्यातही गगनचुक्की व भरचुक्की यांच्यासाठी एक लहानसा, पण लेखी आणि निश्चित प्रवाह ठरवावा. तो पर्यटकांसाठी नव्हे, तर प्रथम त्या पात्रातील जिवांसाठी हवा.

आणि त्याची सुरुवात सरकारने नव्हे, आपण करावी. मार्च 2024 मधील टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास व बागा शिंपण्यास शहरात बंदी झाली. चुकल्यास 5,000 रुपये दंड होता. त्या दिवसांत आपल्या सोसायटीतील गाड्या ओल्या फडक्याने पुसूनही स्वच्छ झाल्या, धुण्याच्या पाण्यावर कुंड्याही जगल्या. मग पाऊस आला आणि नळीने गाडी धुणे पुन्हा सुरू झाले. दंडाच्या भीतीने जे साधले, ते समजुतीने साधू नये काय?

या उन्हाळ्यात मुलांना शिवनसमुद्रला अवश्य न्यावे. तो कोरडा कातळ दाखवावा आणि सांगावे, येथले पाणी आपल्या घरी आले आहे. परतल्यावर नळ सोडताना त्यांचा हात क्षणभर थबकला, तर सहलीचा खर्च वसूल झाला असे समजावे.