घराला चाकं लावण्याआधी

गेल्या महिन्यात माझ्या कराडच्या मावसबहिणीचा फोन आला. आवाज जरा दबकाच होता. "ताई, हे मार्चला रिटायर होतायत. फंडाचे पैसे आले की तुमच्यासारखी ती झोपायची, स्वयंपाकाची गाडी घ्यायची म्हणतात. रोज रात्री मोबाइलवर त्याच गाड्या बघत बसलेले असतात. तू तीन वर्षं वापरतेयस. खरं सांग, घेऊ देऊ की नको?"

मी म्हटलं, "हे एका फोनवर सांगण्यासारखं नाही गं. सविस्तर लिहूनच सांगते." म्हणून आजचा हा लेख. तिच्यासाठी आणि जिच्या घरात असं स्वप्न शिजतंय अशा प्रत्येकीसाठी.

तसं बघितलं तर चाकावरचं घर आपल्याला नवीन नाही. वारीत दिंडीच्या मागे ट्रक चालतो. त्यात पातेली, धान्य, गॅस, तंबू सगळं भरलेलं असतं. तमाशाचे फड ट्रकमधूनच गावोगाव संसार हलवतात. ऊसतोडीला जाणारी बाई तर बैलगाडीवर चूल, पोरं आणि शेळी घेऊन सहा-सहा महिने निघते. हौसेसाठी असं घर घ्यायचं हे मात्र आपल्याकडे नवीन. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्याच्या बातम्या आल्या आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात किडा शिरला.

हे २०१९ ला निवृत्त झाले होते. मधली दोन वर्षं करोनात घरात कोंडून गेली. २०२२ मध्ये आम्ही प्रवासी वाहतुकीची जुनी टेम्पोसारखी गाडी घेतली आणि आतून बदलून घेतली. दोन बाकं उघडली की पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि मागे पडद्याआड संडास. गाडी आली त्या दिवशी मी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. पहिला फटका बसला तो दुसऱ्याच दिवशी. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, "काकू, ही आत लावता येणार नाही."

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या मुलुंडमध्ये मारुती लावायला जागा मिळेना, तिथे हे धूड कुठे ठेवायचं? नवघर रोडला रात्री एक चक्कर मारा, दोन्ही कडेला गाड्या खेटून उभ्या. शेवटी ठाण्याच्या पलीकडे एका मोकळ्या प्लॉटवर महिन्याच्या भाड्यानं जागा घेतली. म्हणजे घराच्या मेंटेनन्सबरोबर गाडीचाही मेंटेनन्स सुरू! म्हणून पहिला सल्ला हा, की गाडी बघण्याआधी जागा बघा. तुमच्याकडे गावात अंगण असेल, परसदार असेल, तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आतलं काम करणारे कारागीर सर्रास म्हणतात, "काही होत नाही मॅडम, सगळे असंच करतात." मुळीच ऐकू नका. कंपनीनं बनवलेल्या गाडीत मोठे बदल करायचे तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे आरटीओची परवानगी लागते आणि ते बदल आरसी पुस्तकात नोंदवावे लागतात. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नियमांत वेगळा प्रकारच आहे. आमची पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीची करून घ्यायला दोन महिने खेटे घातले, पण घातले. बदल नोंदवलेला नसेल आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग फंडाचे पैसे गेलेच म्हणून समजा.

आणि मैत्रिणींनो, आरसीत वारसाचं नाव घालून घ्या. २०२१ पासून गाडीच्या नोंदणीतच नॉमिनी लिहिता येतो. गाडीचा मालक गेला तर नॉमिनीनं तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. हे बोलायला अभद्र वाटतं, मला कळतं. पण बँकेतल्या पैशाला वारस लावतो आणि लाखांच्या गाडीला लावत नाही, हे कुठलं शहाणपण? आमच्याकडे गाडी माझ्या नावावर आहे आणि नॉमिनी हे आहेत. मीच हट्ट धरला होता.

आता पहिल्या सहलीची गोष्ट. भंडारदऱ्याला गेलो. आम्ही दोघं, मुलगा, सून, नातू आणि माझी नणंद. तीन दिवस मी काय केलं? सकाळी पोहे, मग चहा, मग भात-आमटी, परत चहा, भजी, रात्री खिचडी. घरातला ओटा निदान हातभर मोठा तरी असतो, इथे वळायला जागा नाही. सगळे रंधा धबधबा बघायला गेले आणि मी भांडी विसळत बसले. कारण टाकीत पाणी किती उरलंय हे फक्त मलाच ठाऊक! परतीच्या वाटेवर नणंद म्हणाली, "वहिनी, काय मजा आली ना!" मी नुसतं हसले.

आणि त्याच परतीच्या वाटेवर घोटीच्या अलीकडे ह्यांची कंबर धरली. इतकी, की क्लच दाबता येईना. कशीबशी गाडी कडेला घेतली. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, वरून पाऊस. मुलगा आणि सून दुपारीच नातवाच्या शाळेसाठी दुसऱ्या गाडीनं पुढे गेले होते. गाडीत मी, नणंद आणि कळवळणारे हे. माझ्या पर्समध्ये १९९४ साली काढलेलं, वेळोवेळी रिन्यू केलेलं लायसन्स होतं. पण कुणी चालव म्हणालं नाही आणि मीही कधी मागितली नाही. समोर कसारा घाट आणि मला गाडी सुरूसुद्धा करता येत नव्हती! एका धाब्यावाल्या दादांनी आसरा दिला, चहा दिला. मुलगा अर्ध्या वाटेतून परत फिरला आणि रात्री दहाला पोचला. ते साडेतीन तास मी जन्मात विसरणार नाही. लाखो रुपये घातलेलं घर माझ्या नावावर, आणि मी त्यात पाहुणी!

मुलुंडला आल्यावर आठ दिवसांत मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. वय सत्तावन्न. शिकवणारा मुलगा मला "आजी" म्हणायचा, महिन्याभरानं "मॅडम" म्हणायला लागला. साडेसात टनांपर्यंतच्या अशा गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. घाटाचा एकच मंत्र त्यानं शिकवला. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. आज कसारा मी उतरवते आणि हे शेजारी बसून देवाचं नाव घेतात.

गाडीची देखभाल म्हणजे पुरुषांचं काम, हा गैरसमजही तेव्हाच गेला. खरं तर त्यातलं निम्मं आपण घरात रोजच करतो.

बॅटरीचंच घ्या. दिवे, पंखा, पाण्याचा पंप चालवणारी वेगळी बॅटरी असते, अगदी इन्व्हर्टरसारखी. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचं नाही. ती निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही, नाहीतर लवकर मरते. आमची बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची. हिशेब केला तर त्यातली निम्मी वीज म्हणजे इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर जेमतेम अर्धा तास. तेव्हा बॅटरीवर वरण-भाताची स्वप्नं बघू नका.

गॅस तर आपल्या हातातलाच. पण लक्षात ठेवा, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून गाडीत जमिनीलगत हवा जायला जाळी हवी. सिलिंडर छोटा, उभा आणि पट्ट्यानं घट्ट बांधलेला हवा. गाडी निघताना सिलिंडरपाशीच बंद करायचा. खिडकी उघडल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही आणि थंडी वाजते म्हणून ती पेटती ठेवून झोपायचं तर नाहीच नाही. बंद जागेत न दिसणारा, वास नसलेला विषारी वायू साचतो आणि माणूस झोपेतच जातो. चालत्या गाडीत स्वयंपाकही करायचा नाही. सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं. चहा थांबून प्यायला म्हणून काही बिघडत नाही.

पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. दीडशे लिटरची टाकी भरली की दोन-तीन माणसांचं वजन वाढलं. लांबच्या प्रवासाला निम्मी टाकी भरावी, मुक्कामाजवळ पूर्ण करावी. घरी आल्यावर ती रिकामी करून कोरडी ठेवायची, नाहीतर शेवाळाचा वास धरतो.

टायरवर चार आकडे असतात. ३२२१ लिहिलं असेल तर तो २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. अशा गाड्या पळतात कमी, उभ्या जास्त. त्यामुळे नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. पाच-सहा वर्षांनी बदलावेतच. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून थोडी फिरवून आणावी. नवी बीएस-६ डिझेल गाडी असेल तर अधूनमधून हायवेवरची सलग धाव हवीच, नुसत्या गल्लीबोळातल्या फेऱ्यांनी तिच्या धुराची जाळी काजळीनं तुंबते.

पावसाळ्याआधी छपराचे सांधे, खिडक्यांच्या कडा तपासून सीलंट भरून घ्या. आपण गच्चीला डांबर लावतो ना, तसंच. आणि उंदीर! उभ्या गाडीच्या वायरी कुरतडणं हा त्यांचा आवडता उद्योग. दाणा-पीठ एक कणही आत ठेवायचा नाही.

राहिला संडास. सगळे नाक मुरडतात, पण मी म्हणेन, बाईसाठी या गाडीचं खरं सुख तेच आहे. प्रवासात जावं लागेल म्हणून सकाळपासून घोटभर पाणी न पिणाऱ्या आपण बायका. त्यापायी जळजळ आणि दुखणी सोसतो. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' मोहीम चालवली, ती उगाच नाही. माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या सासूबाई गुडघ्यांमुळे दहा वर्षं कुठे गेल्या नव्हत्या. या गाडीतून त्या नाशिकला त्र्यंबकेश्वरापर्यंत जाऊन आल्या. आल्यावर म्हणाल्या, "आता डोळे मिटायला हरकत नाही." गाडीचे सगळे पैसे मला त्या दिवशी वसूल झाले.

मात्र ती टाकी रिकामी करायची ती संडासातच, नाल्यात किंवा कुणाच्या शेतात नाही. आणि धुताना ब्लीचिंग आणि ॲसिडचं क्लीनर एकत्र करायचं नाही, विषारी वायू होतो. घरच्या बाथरूमलाही हाच नियम.

आता आमच्याकडे गाडीत एक कागद चिकटवलाय. संडासाची टाकी ह्यांची, टायर आणि पाणी मुलाचं, सकाळचा चहा-नाश्ता सुनेचा आणि मुलाचा आळीपाळीनं, रात्रीचं जेवण बाहेर. माझ्याकडे स्टिअरिंग आणि गॅसची किल्ली. पहिल्यांदा कुरकुर झाली. झाली तर झाली.

तर कराडच्या बहिणीला माझं उत्तर असं. घाई नको. आधी अशी गाडी भाड्यानं घेऊन चार दिवस जा. त्या चार दिवसांत कोण काय करतं ते नीट बघ. फंडातले सगळे पैसे घालायचे नाहीत, आजारपणाची आणि म्हातारपणाची रक्कम आधी बाजूला काढायची. एवढं करूनही घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या, पण चालवायला तूही शिक.

आणि गाडी घेणं जमत नसेल तरी दुसरी वाट आहेच. सरकारच्या त्या धोरणात गाड्यांबरोबर त्या मुक्कामाला लावायच्या जागांचा, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे. २०२३ मध्ये पर्यटनातल्या महिलांसाठी 'आई' नावाचं धोरणही आलं. आमच्यासारख्यांना रात्री गाडी लावायला सुरक्षित जागा, पाणी, वीज आणि स्वच्छ संडास मिळत नाही, ही मोठीच अडचण असते. तुमच्या गावाजवळ जमीन आहे, विहीर आहे, हाताला चव आहे. पर्यटन विभागाच्या कार्यालयात एकदा चौकशी तर करा. मग आम्ही मुलुंडहून येऊ, तुमच्या अंगणात गाडी लावू आणि तुमच्या हातची भाकरी पैसे मोजून खाऊ.

तेवढीच मला ओट्यापासून सुट्टी!