हात माझा, तलवार त्याची

भाईंदर पूर्वेला राहणाऱ्या माणसाला लढाई शिकवावी लागत नाही, असा माझा परवापरवापर्यंत समज होता. ज्याने तीस वर्षं सकाळी विरारहून भरून आलेल्या गाडीत शिरकाव केला आणि संध्याकाळी 'भाईंदरवाल्यांनी मागची गाडी पकडायची' असा दम ऐकत त्याच गाडीतून स्वतःला ओढून बाहेर काढलं, त्याला राक्षस तो काय घाबरवणार? पण मे महिन्याच्या सुटीत नातू आला, त्याने टीव्हीला एक काळा डबा जोडला, माझ्या हातात दोन शिंगांचं यंत्र दिलं आणि पहिल्या पाच मिनिटांत मी अकरा वेळा मेलो.

बरं, मला मारलं कुणी? राक्षसाने नव्हे, कुत्र्याने. राक्षस पुढे होता म्हणे. त्याच्यापर्यंत माझी मजल गेलीच नाही.

आता यातला अन्याय पाहा. मी खेळत होतो तो योद्धा काही नवशिका नव्हता. नातवाने महिनाभर जागून त्याला ६० व्या लेव्हलला नेलेला होता. शक्ती भरपूर, चपळाई भरपूर, अंगावर चिलखत, हातात कुठल्याशा राजाच्या थडग्यातून काढलेली तलवार. असा हा नरवीर एका कुत्र्यासमोर उभा राहिला आणि कुत्र्याने त्याला पावासारखा खाल्ला.

"आबा, कोलांटी मारा ना!" नातू ओरडला.

"अरे, कोलांटी मी शाळेतसुद्धा मारली नाही."

"तुम्ही नाही हो, तो मारतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

"दाबलं होतं."

"उशिरा दाबलंत."

म्हणजे ज्याने आयुष्यभर तलवार चालवली, त्याला कोलांटी केव्हा मारायची हे नवघर रोडवरच्या एका निवृत्त माणसाच्या अंगठ्याने ठरवायचं! आणि तो अंगठाही कसला, तर आयुष्यभर ज्याने शाईच्या पॅडशिवाय दुसरं काही दाबलं नाही असा. मी हे नातवाला बोलून दाखवलं तेव्हा तो एखाद्या सुपरिंटेंडेंटच्या चेहऱ्याने म्हणाला, "शिका. ज्याला जमत नाही त्याने खेळू नये."

माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

या खेळांचं पाळण्यातलं नाव आहे रोल प्लेइंग. रोल म्हणजे भूमिका, आपल्या भाषेत सोंग. १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तेव्हा चार जणांनी टेबलाभोवती बसायचं, आपापल्या वीराचं बळ कागदावर आकड्यांत लिहायचं आणि फासे टाकायचे, एवढीच लढाई होती. दमेकरी कारकुनाला भीम होता येत असे. 'आधी गदा उचलून दाखव' असं त्याला कुणी म्हणत नसे. पुढे संगणक आला आणि फासे त्याच्या पोटात गेले. मग कुणाला तरी वाटलं, की लोकांनी नुसतं बसून काय राहायचं, बोटांनी लढू दे. १९९६ च्या अखेरीला 'डायब्लो' आला आणि जगभर लोक माऊस बडवायला लागले. तेव्हापासून घरात दोन कर्ते झाले. एक पात्र, एक खेळाडू. आणि दोन कर्ते असलेल्या घरात काय होतं ते मी सांगायला नको.

आपल्याकडे हा प्रश्न संगीत नाटकाने कधीच सोडवून ठेवला आहे. १९११ साली 'मानापमान' आलं, भामिनी झाले बालगंधर्व. भामिनीचं रूप, तिचा तोरा, तिचं वय, सगळं नाटकाचं. गळा मात्र गंधर्वांचा स्वतःचा. गळा उसना चालत नाही आणि भामिनीशिवाय नुसता गळा असेल तर ती मैफल होते, नाटक नव्हे. आता कल्पना करा, गंधर्वांनी जिवंत तान घेतली आहे, थिएटर डोलतं आहे आणि विंगेतून प्रॉम्प्टर सांगतो, 'क्षमा करा, फाशांत असं निघालंय की भामिनीला आज गाणं जमलं नाही.' लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या! २००२ सालच्या 'मॉरोविंड'मध्ये नेमकं हेच होतं. तलवार शत्रूच्या पोटातून आरपार गेलेली डोळ्यांना दिसते, पण पात्राचं कौशल्य कमी, तो दमलेला, म्हणून आतला फासा म्हणतो 'चुकला'. आकडेवाल्यांच्या बाजूने मी कितीही बोललो तरी इथे त्यांचं वकीलपत्र घेणार नाही. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं पाडायचा अधिकार फक्त सरकारी खात्यांना आहे.

ही तक्रार २००६ साली 'ओब्लिव्हियन'मध्ये दूर झाली. तलवार लागली की लागली, कौशल्याने फक्त जखम लहानमोठी. उत्तम. पण त्यांनी दुसरीच खोड काढली. तुमची लेव्हल वाढली की शत्रूही तसे तालेवार होतात. वाटेवरचे भुरटे दरोडेखोर पुढेपुढे असली महाग चिलखतं घालून येतात, की ती विकून बिचाऱ्यांना सुखाने निवृत्त होता यावं. पगारदार वाचकांना हे समजावून सांगायला नको. महागाई भत्ता वाढल्याचं पत्रक निघतं त्याच संध्याकाळी गोडदेव नाक्यावरच्या भाजीवाल्याला ते कसं कळतं, हे कोडं मला नोकरीत असताना सुटलं नाही. खेळात तरी बढतीचा उपभोग घेऊ द्या की!

आमच्या इमारतीत एक निवृत्त हेडक्लार्क आहेत. त्यांचं मत अगदी उलट. "सीनिऑरिटी म्हणजे सीनिऑरिटी. लेव्हल ६० आहे ना? मग कुत्र्याने स्वतःहून बाजूला व्हायला हवं." हेही मला मान्य नाही. नुसत्या सीनिऑरिटीवर चाललेली कचेरी मी पाहिलेली आहे. तिथे कुणाचाही हात चुकत नाही, कारण कुणाचाही हात हलत नाही. आणि नुसत्या आकड्यांवर खेळ सोडला की आकडे विकायला कुणीतरी बसतोच. फोनवरच्या कितीतरी खेळांत आज पैसे भरले की तलवार मिळते. कौशल्य ना पात्राचं ना खेळाडूचं, ते क्रेडिट कार्डाचं.

मग मला हवंय तरी काय? सांगतो. २००० साली 'ड्यूस एक्स' नावाचा खेळ आला. त्यात नेमबाजी न शिकलेल्या पात्राच्या हातात पिस्तूल दिलं की नेमाची खूण पडद्यावर पसरट दिसते. स्थिर उभं राहिलात तर हळूहळू आवळत येते. पात्र शिकलं की पटकन आवळते. यात पात्राचं अडाणीपण गोळी झाडण्याआधी दिसतं, झाडल्यानंतर नव्हे. थांबायचं की घाई करायची हे तुमचं तुम्ही ठरवा. याला मी न्याय म्हणतो. पात्राने सांगावं काय काय जमेल, खेळाडूने ठरवावं केव्हा आणि कुठे.

आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने केलेला 'राजी' २०२० साली आला, तोही नातवाने दाखवला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली ही पोर जत्रेत कसरती करणारी. त्रिशूळ घेऊन खांबाला अशी गरकन फिरते, की मला आमच्या आखाड्यातला मल्लखांब आठवला. शास्त्रापुरतं बोलायचं तर हा पूर्णपणे त्या जातीचा खेळ नव्हे, पण एक गोष्ट मला त्यात आवडली. कसरत तिच्या अंगात आहे. मला भिंतीवरून धावणं जन्मात जमणार नाही, पण तिला जमतं आणि क्षणभर मलाही जमल्यासारखं वाटतं. सोंग घ्यायचं ते यासाठीच ना? सोंगाचं बळ जर मला मिळणार नसेल आणि माझीच संधिवाताची बोटं तिथेही मला भोवणार असतील, तर मी घरचा मीच काय वाईट होतो?

नातू याला पळवाट म्हणतो. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये मदतीला भुतं बोलवायची सोय आहे, तर ती वापरणाऱ्याला त्याचे मित्र कमअस्सल समजतात. मी म्हटलं, "अरे, अर्जुनानेही सारथी मागून घेतला होता." त्यावर तो म्हणाला, अर्जुनाला बाण स्वतः मारावे लागले. पोरगं हुशार आहे, आजोळवर गेलंय.

पण रेटारेटीवाल्यांना लोकलचं शास्त्र ठाऊक नाही. पहिल्या वर्गाचा पास हे पात्राचं कौशल्य. दारातून आत घुसणं हे खेळाडूचं. पास आहे म्हणून कुणी उचलून आत ठेवत नाही हे खरं, पण सगळं खांद्यावरच ठरणार असेल तर पास काढावा कशाला? आणि खांदे थकल्यावर आम्ही काय केलं? विरारपर्यंतचा पास काढला, सकाळी उलटे विरारला गेलो आणि तिथून खिडकीत बसून आलो. भाईंदरला दारात लोंबकळणाऱ्या तरण्याताठ्यांकडे पेपराच्या वरून पाहिलं. यात खांदा नाही आणि नुसता पासही नाही. या तिसऱ्या कौशल्याला ज्या खेळात जागा नाही, तो खेळ फक्त सोळा वर्षांच्या पोरांसाठी आहे, असं त्याच्या खोक्यावर स्पष्ट छापावं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी डबा पुन्हा सुरू केला. योद्ध्याच्या सामानात एक धनुष्य धूळ खात पडलं होतं. कुत्र्याच्या वाटेशेजारी एक उंच कातळ होता, त्यावर मी त्याला सावकाश चढवला. घाई कसलीच नव्हती. कुत्रा खालून उड्या मारत राहिला आणि मी वरून, एकेका बाणामागे चष्मा पुसत, पाऊण तासात त्याचा निकाल लावला.

सकाळी नातवाने पाहिलं.

"आबा, ही चीटिंग आहे."

"याला गनिमी कावा म्हणतात. चौथीत होता तुम्हाला."

"बाण किती लागले?"

"होते तेवढे."

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग यंत्र माझ्याकडे सरकवून म्हणाला, "आता राक्षस आहे. आणि तो उडतो."