पिवळा दिवा झाकू नका

सोयाबीन पिवळं पडलं की आपण कारण शोधतो, पानं तोडून टाकत नाही. मग जुन्या पिकअपचा इंजिनचा पिवळा दिवा लागला की वायर काढायची नाहीतर ईजीआर ब्लॉक करायचा, हे मला पटत नाही. दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो.

आधी स्कॅनर लावून कोड बघा, मगच पार्ट बदला. कधी नुसती काजळी साफ करूनही भागतं. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाडीत शेत-गाव छोट्या फेऱ्यांनी फिल्टर तुंबतो. मॅन्युअल बघून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. ऑइलचा लाल दिवा लागला तर जागेवर थांबा.

ऐन कापसात भरलेली गाडी परभणीच्या रस्त्यावर बंद पडली तर दुसऱ्या गाडीचं भाडं अंगावर बसतं. तपासणी आत्ताच उरका.