स्पोर्ट्स कारच्या पोटात अँबॅसडर!

स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? वहीच्या कव्हरवरची लालभडक परदेशी गाडी, हो ना? पण अशा गाड्या आपल्या शेजारीही तयार झाल्यात बरं का! पेणहून अलिबागला जाताना कार्लेखिंड लागते. तिथे चिंकारा मोटर्स नावाच्या छोट्या कारखान्यात, २००० सालानंतरच्या काळात, कारागीर हाताने 'रोडस्टर' घडवायचे. उघडी, बुटकी, फक्त दोघांची गाडी. रूप इंग्लंडमधल्या १९५७ सालच्या लोटस सेव्हनसारखं. (ती लोटस तर सुट्या भागांतही मिळायची. घरी आणा आणि जोडा!)

अंग कशाचं? फायबरग्लासचं. लालबाग-परळच्या कारखान्यांत साच्यातून गणपती निघताना पाहिलाय ना? तसाच इथेही साचा. त्यात काचेच्या धाग्यांचं कापड आणि चिकट रेझिन यांचे थर द्यायचे, वाळले की कवच सोडवून घ्यायचं. ते गंजत नाही, हलकंही असतं. पण ठोकर लागली की पत्र्यासारखा पोचा येत नाही, तडा जातो. मग हातोडीवाले मिस्त्रीकाका काय करणार? तिथे पुन्हा कापड, पुन्हा रेझिन, घासणं, रंग!

बरं, हौसेने घेतली समजा. दादरच्या रस्त्यावर शेजारी बस उभी राहिली की तिचं चाक तुमच्या कानाशी. गतिरोधक आला की पोटाला घासायची धास्ती. आणि जुलै महिना? हिंदमाताला पाणी भरलं की अशा गाडीने घरीच बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दप्तर ठेवायला जागा मिळेल, अशी आशाही धरू नका.

खरी गंमत बॉनेटखाली आहे. छोट्या कारखान्याला स्वतःचं इंजिन बनवणं परवडत नाही. म्हणून रोडस्टरमध्ये बसवलं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. तेच आपल्या पोक्त अँबॅसडरमध्येही असायचं! अवजड अँबॅसडरला ओढणारं इंजिन हलक्या गाडीत घातल्यावर ती सुसाट पळणारच.

पण २०१४ साली अँबॅसडर बनणंच थांबलं. आता मालकाची पंचाईत बघा. रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी भरपूर होती, तोवर तिचा बारीकसा भागही गल्लीत मिळायचा. मुंबईत तीही ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली. मग मोजक्याच बनलेल्या गाडीसाठी कोणता दुकानदार माल भरून ठेवील? इंजिनाचा भाग हवा तर अँबॅसडरचा जुना माल धुंडाळायचा. अंगाचा एखादा तुकडा हवा तर तो कुठल्या दुकानात नसतोच, करवूनच घ्यावा लागतो.

तुमच्या गल्लीत कुणी जुने मिस्त्रीकाका असतील, तर अँबॅसडरच्या त्या इसुझू इंजिनाबद्दल विचारून बघा. मात्र शाळेला उशीर होत असेल तेव्हा विचारू नका, ते लवकर थांबायचे नाहीत!