आपल्या अंकात वेणीला जागा हवी

मागच्या संपादकीय बैठकीत एक किरकोळ विषय निघाला आणि किरकोळ म्हणूनच बाजूला पडला. वस्तीतल्या दोन-तीन तरुण मैत्रिणींनी सुचवलं होतं, की आपल्या अंकात दर ऋतूला केशरचनेचं एक पान असावं. उन्हाळ्यात केस कसे बांधावेत, पावसाळ्यात कसे, गौरी-गणपतीला खोपा कसा घालावा, असं काहीतरी. कुणीतरी म्हणालं, ‘मग मेंदीचे नमुनेही छापू या, खप वाढेल!’ सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटायला लागली. म्हणून हे लिहिते आहे.

आपण का हसलो ते मला ठाऊक आहे. १९९६ साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली, तेव्हा देशभर निदर्शनं झाली. बाईच्या शरीराचा बाजार मांडू नका, असं आपणही तेव्हा ठासून लिहिलं. त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. पण त्या लढाईतून आपल्याला एक खोडही लागली. वेणी, गजरा, टिकली, पावडर असं काही निघालं की ते बाजाराचं, आणि बाजाराचं म्हणजे आपलं नव्हे. घराघरात पहाटे आरशासमोर बाई जी दहा मिनिटं उभी राहते, ती आपण जाहिरातवाल्यांना आंदण देऊन टाकली.

माझी आई भिवंडीत एका यंत्रमागवाल्याकडे कांड्या भरायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावरच्या धोट्यात जी कांडी बसते, ती आधी सुताने भरून द्यावी लागते. आमच्याकडे मागावर पुरुष असत आणि कांडीवर बायका, पोरी. कांडीच्या मशीनला एक लांब दांडा, त्यावर पट्टा, आणि समोर गरागरा फिरणाऱ्या चात्यांची रांग. दांड्यावर ना जाळी, ना झाकण. शाळा सुटली की मीही तिथे जाऊन बसायची. खोलीत सुताचं तूस इतकं उडायचं, की संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी म्हाताऱ्या दिसायचो. तेल लावलेल्या केसांवर तर ते असं चिकटायचं, की फणीने निघता निघायचं नाही. म्हणून आमच्या गल्लीत डोक्याला तेल लागायचं ते गुरुवारी रात्री, आणि नहाणं व्हायचं शुक्रवारी, कारण आमच्या गल्लीतले माग शुक्रवारी बंद असत. हीच आमची केसांची फॅशन, आणि ती मागाच्या सुट्टीने ठरवलेली.

१९८६ च्या श्रावणातली गोष्ट. आमच्या शेजारची एक ताई, लग्नाला दोनच वर्षं झालेली. तिचे केस कमरेखाली होते. त्या शुक्रवारी नळाला पाणी आलंच नाही. आलं ते सोमवारी पहाटे चारला. श्रावणी सोमवार, उपास. डोक्यावरून नहाणं तर हवंच. पावसाळ्यात लांब केस वाळायला अर्धा दिवस लागतो. सात वाजता ती कामावर आली तेव्हा केस ओलेच होते. ओले केस घट्ट बांधले तर कुबट वास मारतो, डोकं दुखतं, म्हणून तिने नुसती सैल गाठ मारली होती. खाली पडलेली कांडी उचलायला वाकली, गाठ सुटली आणि शेंडे दांड्याखाली गेले. कुणीतरी धावत जाऊन बटण बंद केलं, तोवर मागचा तळहाताएवढा कातडीचा तुकडा केसांसकट निघाला होता.

मालकाने पहिल्या दिवसाचं दवाखान्याचं बिल दिलं. पुढे नाही. त्याने जो शब्द वापरला तो मी विसरलेले नाही. म्हणाला, ‘बाई केस मोकळे सोडून फॅशन करत आली, त्याला मी काय करू?’

मला जास्त लागतं ते वेगळंच. तेच वाक्य गल्लीतल्या बायकाही बोलल्या. माझी आईसुद्धा बोलली. दांड्याला जाळी का नाही, असं कुणाच्या तोंडून आलं नाही. पाणी शुक्रवारी का आलं नाही, हेही नाही. पुढे ती ताई जन्मभर डोक्यावरून पदर घेऊन राहिली, आणि किती संस्काराची बाई आहे म्हणून तिचं कौतुक होत राहिलं. पदराखाली काय आहे ते माहीत असणाऱ्यासुद्धा कौतुक करत.

आता सांगा, त्या वेळी केशरचनेचं एक पान आमच्या गल्लीत आलं असतं, आणि ते आमच्यासारख्या बाईने लिहिलेलं असतं, तर त्यात काय असतं? फिरत्या यंत्रावर काम करताना वेणी मानेपासून घट्ट घाला, शेंडा मोकळा ठेवू नका, वेणी दुमडून मानेवर आणा आणि रिबिनीने बांधा. आकडे खोचू नका, वाकलं की पडतात. वरून फडकं बांधा आणि फडक्याचीही टोकं आत खोचा, कारण केसांच्या आधी ओढणी आणि फडकंच अडकतं. ओल्या केसांत बारीक दातांची फणी घालू नका. ओला केस ताणला जातो आणि तुटतो. रुंद दातांच्या कंगव्याने शेंड्याकडून वर गुंता सोडवत या. पावसाळ्यात दिवसभर ओला अंबाडा ठेवला तर टाळूला खाज येते, कोंडा होतो. म्हणून काम नसेल त्या दिवशीच नहावं आणि वाळल्यावरच बांधावं. थंडीत खोबरेल तेल थिजतं, ते चुलीवर तापवू नका, बाटली उन्हात ठेवली की पुरे. आणि मुलींच्या वेण्या कपाळावरची कातडी ताणेल इतक्या आवळू नका. वर्षानुवर्षं तशा घातल्या की कपाळाच्या कडेचे केस मागे हटत जातात, आणि काही वेळा ते परत येत नाहीत.

हे सगळं सांगून झाल्यावर त्या पानाने पुढची ओळ लिहायला हवी होती: वेणी कितीही नीट घातली तरी दांड्याला जाळी हवीच, आणि ती बसवणं मालकाचं काम आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणं बंधनकारक केलं होतं. पण तो कायदा लागू होणार विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या जागेला. माग चार खोल्यांत, चार नावांवर वाटून टाकले की कारखाना कागदावर उरत नाही. २०२० च्या नव्या संहितेने तर तो दहाचा आकडा वीसवर नेला. म्हणजे बाईच्या डोक्याला संरक्षण मिळणार की नाही, हे तिच्या शेजारी किती डोकी आहेत त्यावर ठरणार. हा मजकूर केशरचनेच्या पानावर का नको? जी बाई ‘कामगार कायदे’ असं शीर्षक पाहून पान उलटते, ती वेणीचं चित्र पाहून थांबेल.

केस आणि कामगार यांचा संबंध मी ओढूनताणून लावते आहे असं वाटत असेल, तर १८९० साल आठवा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती त्याच साली. आणि त्याच साली, त्यांच्याच पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं, की विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा नाही. एकाच माणसाला दोन्ही प्रश्न आपले वाटले. पार्वतीबाई आठवल्यांनी केशवपन केलेल्या अवस्थेत कर्व्यांच्या आश्रमासाठी वर्षानुवर्षं निधी गोळा केला, आणि मग एका टप्प्यावर स्वतःच ठरवून केस वाढवले. तेव्हा लोक काय काय बोलले असतील ते त्यांची ‘माझी कहाणी’ वाचताना कळतं. त्यांना फॅशन करायची होती असं आपल्यापैकी कुणी म्हणेल का?

आता आजचं. कांडीवर बसणाऱ्या बायकांच्या मुली माणकोलीच्या, काल्हेरच्या गोदामांत पॅकिंगला जातात. तिथे त्यांचे केस वर बांधलेले, चिमटा लावलेला. काहींनी खांद्यापर्यंत कापले आहेत. माझ्या ओळखीच्या एका मुलीने कापले तेव्हा घरात दोन दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. तिचं म्हणणं साधं होतं: ‘पाणी एक तास येतं, केस धुवायला पाऊण तास जातो. मी काय करू?’ आमच्या वेळी साधना कट करणाऱ्या मुलीला निदान सिनेमाचं खूळ लागलंय असं म्हणता तरी यायचं. हिला काय म्हणणार? आणि समजा हिलाही सिनेमाचंच खूळ असतं, तरी दोन दिवस अबोला कशाला?

भिवंडीत हे प्रत्येक वस्तीत वेगळं आहे. पद्मानगरच्या तेलुगू बायकांना बाराही महिने फुलाशिवाय वेणी पुरी वाटत नाही. अंगणात बतुकम्मा मांडताना तर अख्खी ओंजळ डोक्यावर. शांतीनगरकडच्या मुसलमान मैत्रिणींची केशरचना रस्त्यावर दिसत नाही म्हणून ती नसते असं समजू नका. मी त्यांच्या लग्नघरात पाहिलेल्या पाचपदरी वेण्या आमच्यापैकी कुणाला जमणार नाहीत. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे त्यांच्या सणाच्या वेणीला ऋतूच नाही. कधी ती मे महिन्याच्या घामात घालावी लागते, कधी थंडीत. ‘या मोसमाची फॅशन’ लिहिणाऱ्या मासिकांना हे कुठून माहीत असणार?

आणि पार्लर. हल्ली पावसाळ्याची फॅशन म्हणजे केस सरळ करून घेणं, कारण दमट हवेत ते फुगतात. केरॅटिन म्हणून जे करतात त्यातल्या अनेक द्रावणांतून इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घशात खवखवतं. हा वायू कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं आहे. गिऱ्हाईक बाई दोन-तीन तास बसून उठते. पण ती इस्त्री फिरवणारी मुलगी? आमच्याकडच्या पार्लरांना पडदा असतो, काचा बंद असतात, पुरुषाची नजर नको म्हणून. त्यामुळे सगळी वाफ आत. नजर चुकवायची म्हणून फुप्फुसात विष भरायचं. अशा एका मुलीला मी विचारलं, पंखा तरी बाहेर हवा फेकणारा लावून घे. ती म्हणाली, ‘मावशी, मालकीणबाईंना सांगायचं कुणी?’ मालकीणबाईसुद्धा बाईच आहेत, आणि आपल्या मोर्च्याला येतात, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

नटण्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहिलेलं बरं. गौरीच्या दिवशी मी अजून खोपा घालते, केस विरळ झालेत म्हणून गंगावनही लावते, आणि आरशात बघून मला बरं वाटतं. त्या बऱ्या वाटण्याचा हिशोब मी कुणाला देणं लागत नाही, मालकाला नाही आणि संपादक मंडळालाही नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा घ्यावा अशी मागणी मी करते आहे. पावसाळी अंकासाठीचं पहिलं पान मी लिहून आणते: ओले केस, कांडीचं मशीन आणि जाळी. वेणी दुमडून बांधायच्या चार पायऱ्यांची चित्रं हवीत. माझा हात त्यात चालत नाही, तर ज्या मुलींनी हे पान सुचवलं होतं त्यांनाच काढायला सांगावं. आणि त्यांना बैठकीला बोलवावं. मागच्या वेळी त्यांची सूचना चिठ्ठीवर आली होती, त्या स्वतः आल्या नव्हत्या.