गळती थांबवायची ती कधी?

कोहमाऱ्याहून मुंबईचा समुद्र नऊशे किलोमीटरहून लांब. आमच्या गावातून जुना हायवे नंबर ६, म्हणजे आताचा ५३, जातो. त्यावरून जाणारे टँकर दिसतात, एवढाच आम्हा गाववाल्यांचा खनिज तेलाशी संबंध. मग मी समुद्रातल्या तेलविहिरींवर का लिहिते आहे? कारण आपल्या हॉस्टेलमधली कितीतरी मुलं-मुली तेल कंपनीत नोकरी मिळावी म्हणून ‘गेट’चा अभ्यास करताहेत. पॅकेज किती ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण तिथे आपल्या हातात काय येणार आहे, यावर मेसमध्ये कधी चर्चा होत नाही.

आधी एक नेहमीचा प्रश्न. माणूस चंद्रावर जाऊन आला, मग समुद्राच्या तळातलं एक भोक त्याला बुजवता येत नाही? २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट झाला. ११ माणसं गेली, आणि विहीर वाहतच राहिली, तब्बल ८७ दिवस. सुमारे ४० लाख बॅरल तेल विहिरीबाहेर आलं, असं तिथल्या कोर्टाने धरलं.

भोक १५०० मीटर खोल पाण्यात होतं. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १५० किलोचा दाब. माणूस उतरू शकत नाही, सगळं काम रोबोटच्या हातांनी. आणि खालच्या खडकातून येणाऱ्या तेलाचा दाब त्याच्याही पाचपट. विहिरीच्या तोंडावर ब्लोआउट प्रिव्हेंटर होता. (मी पडले कॉन्व्हेंटची, त्याला मराठीत काय म्हणतात देव जाणे, आपण मोठी झडप म्हणू.) पण आतला पाइप वाकल्यामुळे या झडपेची पाती तो नीट कापून विहीर बंद करू शकली नाहीत. मग शंभर टनांच्या आसपासची लोखंडी पेटी वरून ठेवून पाहिली. तिथलं पाणी इतकं थंड की वर येणारा गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखा पदार्थ झाला आणि पेटीचं तोंडच तुंबलं. वरून जड चिखल दाबून पाहिला, तोही फसला. शेवटी १५ जुलैला नवीन झाकण बसवून प्रवाह थांबला. पण विहीर संपली असं जाहीर झालं ते १९ सप्टेंबरला, बाजूने दुसरी विहीर खणून तळाशी सिमेंट भरल्यावर.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. मामा तलावाच्या पाळीला भोक पडलं की बाहेरून कितीही माती लोटा, पाणी ती फेकून देतं. बंद करायचं तर आतून, पाण्याच्या बाजूने.

म्हणजे सगळा दोष खोलीचा? तसं असेल तर मुंबई हायला निश्चिंत राहायला हवं, कारण तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर. पण २७ जुलै २००५ आठवा. आदल्याच दिवशी मुंबई पावसात बुडाली होती. इकडे ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावर एका स्वयंपाक्याच्या हाताला इजा झाली, त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायचं होतं. आडोशाच्या बाजूची क्रेन बंद, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आणलं. लाटांनी ते प्लॅटफॉर्मच्या बाहेरून गेलेल्या गॅसच्या पाइपांवर आदळलं. गॅस सुटला, पेटला, आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. २२ माणसं परत आली नाहीत.

बरं, समुद्रच नको म्हणा. आसाममधलं बागजान तर जमिनीवर. २७ मे २०२० ला तिथल्या विहिरीतून गॅस उसळला, ९ जूनला आग लागली, दोन अग्निशमन कर्मचारी गेले. विहीर काबूत यायला नोव्हेंबर उजाडला. सिंगापूरच्या कंपनीचे तज्ज्ञ बोलवावे लागले.

खोली १५०० मीटर, ७५ मीटर, शून्य मीटर. तिन्हीकडे माणसं गेली, म्हणजे दोष नुसत्या खोलीचा नाही. तिन्हीकडे स्फोटाआधी कोणीतरी एक निर्णय घेतला होता. बागजानला दुसरा अडसर पक्का झाल्याची खात्री न करता मोठी झडप काढली. मुंबई हायवर उघड्या पाइपांच्या बाजूने, खवळलेल्या समुद्रात जहाज आणलं. आणि अमेरिकेतला किस्सा तर आपल्या लॅबमध्ये फ्रेम करून लावावा असा. विहीर बंद झाली का याची टेस्ट चालू होती. एका पाइपवर दाब शून्य यायला हवा, तो आला १४०० पीएसआय. काहीतरी चुकतंय हे मीटर ओरडून सांगत होता. पण त्या रीडिंगचं एक सोयीस्कर स्पष्टीकरण काढलं गेलं आणि टेस्ट पास झाली!

आता आपल्या प्रॅक्टिकलकडे बघा. रीडिंग ग्राफवर बसत नाही, मग काय होतं? गेल्या वर्षीचं जर्नल उघडतं. कर्व्ह एकदम गुळगुळीत, सही झाली, विषय संपला. रीडिंग का बसलं नाही हे विचारणाऱ्याला आपण ‘शायनिंग मारतो’ म्हणतो. न पटणारं रीडिंग पटवून घ्यायची सवय इथेच लागते, रिगवर नाही.

कोणी म्हणेल, चुका माणसाकडून होणारच, त्याला अभ्यासक्रम काय करणार? अगदी खरं, चुका होणारच. म्हणून तर एक अडसर फसला तर दुसरा हवा, आणि तो तपासलेला हवा. पैसे टाकले की बाहेरून तज्ज्ञ येतात हेही खरं. १९८२ मध्ये बॉम्बे हायवर ‘सागर विकास’ रिगवर ब्लोआउट झाला, तेव्हाही अमेरिकेच्या रेड अडेरची मंडळी आली होती. पण तज्ज्ञ येतात ते नंतर. गेलेली माणसं ते परत आणत नाहीत.

म्हणून सर आणि मॅडमना एक विनंती. दर सेमिस्टरला सेमिनारमध्ये प्रत्येक ग्रुपला एक खरा अपघात द्या, आणि एकच प्रश्न विचारा: हे कोणत्या क्षणी, कोण थांबवू शकत होतं? जर्नलमध्ये न बसलेलं रीडिंग तसंच लिहून कारण शोधणाऱ्याला पूर्ण मार्क द्या. आणि मित्रांनो, तोवर आपण तरी एवढं करू. मीटर आणि आपली अपेक्षा यांचं भांडण झालं, तर आधी मीटरचं ऐकून घेऊ.